टेकडीवर चढलेलं घर

फॉल रिव्हर म्हटलं की अमेरिकेत लिझी बोर्डन आठवते. आमच्या संपादकांनाही तीच हवी होती: ४ ऑगस्ट १८९२, वडील आणि सावत्र आई यांचा कुऱ्हाडीनं खून, पुढच्या जूनमध्ये लिझी निर्दोष. मला त्या प्रकरणातली घरंच जास्त बोलकी वाटली. तिचे वडील अँड्र्यू बोर्डन गडगंज असूनही खाली सेकंड स्ट्रीटवर, न्हाणीघर नसलेल्या घरात राहायचे. भाऊबंद केव्हाच वर, टेकडीवरच्या ‘द हिल’ या श्रीमंत वस्तीत गेलेले. सुटका होताच लिझीनंही बहिणीसह तिकडेच, फ्रेंच स्ट्रीटवर बिऱ्हाड हलवलं.

मॅसॅच्युसेट्समधल्या या गावाच्या पहिल्या गिरण्या क्वेकेशन नदीच्या पाण्यावर चालल्या. शेवटच्या अर्ध्या मैलात ती सुमारे १३० फूट उतरते. मालक तेव्हा गिरणीच्या सावलीतच राहत. पुढे वाफ आली, धूर वाढला, तशी पैसेवाली घराणी उंचावर सरकली.

तिथलं रॉक स्ट्रीटवरचं एक घर काही मला सोडेना. १८४३ मध्ये ते खाली कोलंबिया स्ट्रीटवर उभं राहिलं, कापडछपाईवाल्या रोब्सन घराण्यातल्या धाकट्या अँड्र्यूसाठी. १८७०च्या सुमारास ते उतरवलं, ग्रॅनाइटचा चिरा न् चिरा सुटा केला, टेकडीवर नेला आणि पुन्हा रचला. वर फ्रेंच थाटाचं मॅन्सार्ड छप्पर चढवलं. तेवढ्या खटाटोपात नवं घर बांधता आलं असतं की! पण हा हट्ट मला आवडतो. गिरण्याही याच ग्रॅनाइटच्या. इथं दगडानंसुद्धा वस्ती बदलली. १९३५ पासून हे घर तिथल्या इतिहास मंडळाकडे आहे, आणि लिझीच्या खटल्यातलं दांडा नसलेलं कुऱ्हाडीचं पातंही तिथंच.

१९३५ ही तारीख योगायोगाची नाही. विसाच्या दशकात दक्षिणेतल्या स्वस्त मजुरीपुढे इथल्या गिरण्या धडाधड बंद पडल्या. १९२८ च्या आगीत बाजारपेठ जळाली. १९३१ मध्ये दिवाळखोर नगरपालिकेचा खजिना राज्यानं ताब्यात घेतला. साठच्या दशकात महामार्गासाठी जुनं ग्रॅनाइटचं सिटी हॉल पाडलं, नदीचे धबधबे जमिनीखाली गाडले. टेकडी तेवढी वाचली. १९८३ मध्ये तिच्यावरची ‘हायलँड्स’ ही वस्ती राष्ट्रीय वारसा नोंदवहीत गेली.

माझी काळजी इथूनच सुरू होते. निव्वळ नोंदीनं खासगी मालकाचे हात बांधले जात नाहीत; स्वतःच्या पैशानं तो घर बदलू शकतो, पाडूही शकतो. केंद्राची करसवलत आहे ती भाड्यानं किंवा धंद्यासाठी वापरलेल्या वास्तूंना. राहत्या घराचं छप्पर घरमालकानं स्वखर्चानंच शाकारायचं. ही घरं गिरणीच्या नफ्यावर आणि नोकरचाकरांच्या भरवशावर बांधलेली. आता पगारदाराला ती पेलायची आहेत.