डॉज रॅमचा चौथा गिअर घरी खोलताय?

१९९६ ते २००२ च्या कमिन्स डिझेल डॉज रॅममध्ये ४७आरई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असायचा. मुळात तो तीन गिअरचा; चौथा, म्हणजे ०.६९ चा ओव्हरड्राइव्ह, मागे बोल्टने जोडलेल्या वेगळ्या हाउसिंगमध्ये. त्यामुळे अख्खा गिअरबॉक्स न उतरवता हे काम होतं. (फोर बाय फोर असेल तर आधी ट्रान्सफर केस काढा, पाठीची काळजी घेऊन!)

चौथा पडतच नसेल तर लगेच पाने काढू नका. आधी वायरिंग, मग पॅन उतरवून ओव्हरड्राइव्ह सोलेनॉइड तपासा. पडून घसरत असेल, ऑइलला जळका वास असेल, तर क्लच प्लेटा गेल्या.

आता खरी भानगड. आत डायरेक्ट क्लच दाबून धरणारी स्प्रिंग आहे, जोर सुमारे ८०० पौंड. हायड्रॉलिक प्रेसमध्ये हब दाबल्याशिवाय सर्क्लिपला हात लावायचा नाही. इथे जुगाड म्हणजे निव्वळ मूर्खपणा. युनिट बाहेर असताना आत डमी शाफ्ट ठेवा; प्लॅनेटरी आणि ओव्हररनिंग क्लचचे स्प्लाइन हलले, तर युनिट परत बसता बसत नाही. ऑइल एटीएफ प्लस ४ च.