लोखंडाच्या गावात परीस

एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या मित्रांनो, हॅरी पॉटर मराठीत वाचलाय का? मंजुल प्रकाशनाने काढलेल्या मराठी मालिकेतल्या पहिल्या भागाचं नाव आहे 'हॅरी पॉटर आणि परीस'. मला हा शब्द फार आवडतो. संतांच्या काळापासून ही तीन अक्षरं आपल्याकडे तयारच होती! परीस लोखंडाचं सोनं करतो, आणि आपण जालन्याची माणसं भंगार वितळवून बिलेट आणि बिलेटची सळई करतो. गोष्टीतल्या दगडाचं एक जास्तीचं काम म्हणजे त्यापासून अमृतही बनतं. तो दगड ज्याच्या नावावर आहे तो निकोलस फ्लॅमेल खराखुरा माणूस होता बरं का! पॅरिसमध्ये हस्तलिखितांचा व्यवसाय करायचा, १४१८ मध्ये वारला. किमयेची दंतकथा त्याला नंतर चिकटली.

मूळ पहिलं पुस्तक २६ जून १९९७ ला आलं, सातवं २१ जुलै २००७ ला. त्या दहा वर्षांत हॅरीबरोबर वाचकही मोठे झाले. माझा जीव तिसऱ्या भागावर. त्यात खलनायक वोल्डेमॉर्ट समोर येतच नाही, तरी माणसाचा आनंद शोषून घेणारे डिमेंटर आले की अंगावर काटा येतो. तुमचा आवडता भाग कोणता? चहाच्या सुट्टीत सांगा. पहिला भाग माझ्याकडे आहे, ज्याला हवा त्याने घेऊन जा.