जनावरांचे अश्रू आणि डोळ्यांचे आरोग्य

गाईच्या डोळ्यातून पाण्याची धार लागली की ती रडते आहे, असे खेड्यापाड्यांत सहज म्हटले जाते. वस्तुतः ही धार दुःखाची नसून बहुधा दुखण्याची असते. म्हणूनच अश्रूंचे घटक आणि त्यांचे कार्य यांची माहिती गोठ्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

अश्रू म्हणजे केवळ खारे पाणी नव्हे. डोळ्यावर त्यांचा अत्यंत पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्यात वरच्या बाजूस पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणारे स्निग्ध द्रव्य, मध्ये अश्रुग्रंथी व तिसऱ्या पापणीची ग्रंथी यांनी पुरविलेले पाणी आणि तळाशी चिकट श्लेष्म असते. पाण्यात सोडियम, पोटॅशियम यांचे क्षार आणि अनेक प्रथिने असतात. ही मूळ रचना गाय, घोडा, शेळी, मेंढी या सर्वांत सारखीच आढळते. महत्त्वाचा फरक आहे तो प्रथिनांत.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली लायसोझाइम या विकराचा शोध प्रसिद्ध केला. अनेक जिवाणूंचे कवच विरघळविणारा हा पदार्थ माणसाच्या अश्रूंत विपुल असतो. घोड्याच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या अश्रूंतही तो आढळतो. गाईच्या अश्रूंत मात्र तो जवळजवळ नसतो. मौज अशी की, त्याच गाईच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात लायसोझाइम मुबलक असते. पहिल्या कप्प्यात चारा कुजविणारे जिवाणू पुढे सरकले की त्यांना पचविण्याचे काम ते तेथे करते. पाने खाणाऱ्या आपल्याकडील वानरांच्या जठरातही निसर्गाने अशीच योजना केली आहे.

गाईचा डोळा अगदीच निराधार नसतो. जिवाणूंना लोह मिळू न देणारे लॅक्टोफेरिन आणि रोगप्रतिकारक प्रथिने तिच्या अश्रूंत असतात. तथापि मोरॅक्सेला बोव्हिस या जिवाणूमुळे होणारी डोळ्यांची साथ हे संरक्षण भेदते. प्रखर ऊन, धूळ व माश्या यांमुळे ती बळावते. वासरांना तिचा विशेष उपद्रव होतो. प्रथम पाणी गळते, जनावर उजेड टाळते, पुढे बुबुळावर पांढुरका डाग पडतो. उपचार लांबल्यास दृष्टी जाऊ शकते. औताच्या बैलाच्या बाबतीत ही हानी किती मोठी, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

अश्रूंवर जगणाऱ्या माश्याच गाईम्हशींच्या डोळ्यांतील जंतांचा प्रसार करतात. त्यामुळे गोठ्यातील शेण व ओल वेळच्या वेळी काढणे हा डोळ्यांच्याच निगेचा भाग ठरतो. उन्हाळ्यात केवळ वाळल्या कडब्यावर राहिलेल्या जनावरांत अ जीवनसत्त्वाच्या अभावानेही डोळे गळतात व रातांधळेपणा येतो. तेथे हिरवा चारा हवा.

माणसासाठी आणलेले उरलेले थेंब, चुना किंवा तंबाखूचे पाणी जनावराच्या डोळ्यात कदापि घालू नये. बुबुळावर जखम असल्यास काही थेंबांनी ती अधिकच चिघळते. आजारी जनावर सावलीत वेगळे बांधावे, डोळा उकळून गार केलेल्या पाण्याने हलकेच पुसावा आणि ते फडके दुसऱ्या जनावरास वापरू नये. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. तेथे खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी एक मिनिट अडकवून अश्रू पुरेसे येतात की नाही, हेही तपासता येते.