वायरचा हेडफोन घ्यायचा की बिनवायरचा? बाजारात जाण्याआधी हे वाचा

बीड : तालुक्याच्या कोणत्याही मोबाईल दुकानात गेलं की दोन प्रकारचा माल डोळ्यासमोर येतो. एकीकडे खिळ्याला टांगलेले वायरचे हेडफोन, दुसरीकडे काचेच्या कपाटात मांडलेले बड्स आणि नेकबँड. गिऱ्हाईक विचारतं, ‘यातला चांगला कोणता?’ दुकानदार बहुतेक वेळा महागाकडे बोट दाखवतो. पण चांगला-वाईट हा प्रश्न किमतीचा नाही, कामाचा आहे. रात्री बाजेवर पडून कीर्तन ऐकणारे आजोबा, पोलीस भरतीचा अभ्यास करणारी मुलगी, धारा काढता काढता फोनवर बोलणारा गडी आणि ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांशी गावाकडून बोलणारं लेकरू, या चौघांची गरज वेगळी आहे. चौघांनाही एकच वस्तू घ्यायला लावली तर दोघांचे तरी पैसे वाया जातात.

दोन्हींचं काम कसं चालतं?

वायरच्या हेडफोनमध्ये बॅटरी नसते. फोन विजेचा बारीक प्रवाह वायरीतून कानापर्यंत पाठवतो, तिथला छोटा पडदा थरथरतो आणि आवाज येतो. ही ३.५ मिलिमीटरची गोल पिन फार जुन्या खानदानाची आहे. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर जाड पिना खोचून दोन गिऱ्हाइकांचा फोन जोडून द्यायचे, त्याच पिनेची ही धाकटी बहीण. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ही गोल पिनेची जागा काढून टाकली. पुढे बऱ्याच महागड्या अँड्रॉइड फोनमधूनही ती गेली. स्वस्त फोनमध्ये मात्र अजून ती सापडते.

बिनवायरचा हेडफोन ब्लूटूथवर चालतो. हे तंत्र स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास सुरू झालं. फोन आवाजाची माहिती आवळून बारीक करतो आणि रेडिओ लहरींवर पाठवतो. कानातलं यंत्र ती उलगडून पुन्हा आवाज करतं. म्हणजे प्रत्येक बडमध्ये एक छोटा रेडिओ, एक चिप आणि एक बॅटरी असते. इतकं सामान आल्यावर किंमत वाढणार आणि बिघडायच्या जागाही वाढणार, हे ओघानं आलंच.

रेडिओ ऐकायचा असेल तर वायरच

आकाशवाणीचं बीड केंद्र एफएमवर १०२.९ ला लागतं. ज्या फोनमध्ये कंपनीनेच एफएम रेडिओचं ॲप दिलेलं असतं, त्यावर ते बिना इंटरनेट ऐकता येतं. डेटा जात नाही, रिचार्ज संपला तरी चालतं. पण त्यासाठी वायरचा हेडफोन खोचावा लागतो. कारण असं की एफएमच्या लहरी साधारण तीन मीटर लांबीच्या असतात. त्या पकडायला लांब तार लागते आणि एवढी तार फोनच्या पोटात मावत नाही. म्हणून हेडफोनची वायरच फोन ॲन्टेना म्हणून वापरतो. वायर गुंडाळून खिशात कोंबली की खरखर वाढते आणि सरळ सोडली की आवाज स्वच्छ येतो, त्याचं कारण हेच.

अतिवृष्टीत किंवा वादळात लाईट जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते आणि मोबाईलची रेंजही जाते. अशा वेळी एफएम चालू राहू शकतो. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मोबाईल कंपन्यांना फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नका, अशी सूचना केली होती, त्यात आपत्तीच्या वेळचा हाच उपयोग सांगितला होता. म्हणून घरात बड्स असले तरी एक साधा वायरचा हेडफोन खुंटीला असावा. फोनमध्ये रेडिओचं ॲप आहे का, तेही आजच पाहून ठेवावं. इंटरनेटवर चालणारी रेडिओची ॲप वेगळी, त्यांना डेटा लागतोच.

अभ्यास, गाणी आणि कॉल

ब्लूटूथवर आवाज पोहोचायला थोडा उशीर होतो. साध्या बड्समध्ये हा उशीर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असू शकतो. व्हिडिओ पाहताना ॲप चित्रही तेवढंच मागे धरतं, म्हणून तो जाणवत नाही. पण मोबाईलवर गेम खेळताना किंवा ट्रॅक लावून त्यावर गाण्याचा, पेटीचा सराव करताना तो लगेच खटकतो. अशा कामाला वायर बरी.

दुसरी गोष्ट बोलण्याची. बड्सवर गाणं छान वाजतं आणि कॉल आला की तोच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, अशी अनेकांची तक्रार असते. तो बिघाड नसतो. गाणं ऐकताना आवाज फक्त एका दिशेनं जातो. बोलताना माईकचा आवाजही त्याच वाटेनं परत आणायचा असतो, म्हणून दोन्हीकडचा आवाज जास्त आवळला जातो. ऑनलाइन क्लासमध्ये माईक चालू केला की असंच होतं. दिवसभर तासन् तास लेक्चर ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला वायरचा हेडफोन स्वस्त पडतो, मध्येच चार्जिंग संपत नाही आणि बोलणंही स्वच्छ जातं.

कामात हात गुंतलेले असतील तर

इथे बिनवायरचा पुढे जातो. वायर खुरप्याला अडकते, विळ्यानं कापली जाते, म्हशीनं शिंग हलवलं तरी फोन खिशातून बाहेर येतो. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, पिठाची गिरणी, शेवया यंत्र अशा फिरत्या पट्ट्याजवळ तर लोंबकळणारी वायर जिवावर बेतू शकते. पदर आणि उपरणं यंत्रात ओढलं जातं, तशीच वायरही ओढली जाते. यंत्राजवळ वायरचा हेडफोन नकोच. आणि बड्सही नकोत, कारण यंत्राचा बदललेला आवाज आणि शेजाऱ्यानं मारलेली हाक ऐकू आली पाहिजे.

शेतातल्या माणसाला बड्सपेक्षा नेकबँड सोयीचा. तो गळ्यात अडकलेला राहतो. बड कपाशीत किंवा उसात पडला की सापडणं अवघड, आणि बहुतेक स्वस्त कंपन्यांचा एकच बड वेगळा विकत मिळत नाही. नेकबँडमध्ये बॅटरीला जागा जास्त असल्यामुळे एका चार्जिंगवर तो बड्सपेक्षा जास्त वेळ चालतो. रात्रपाळीच्या लाईटवर पाणी देणाऱ्यांना हा फरक मोठा आहे.

ब्लूटूथचा आवाज तुटत असेल तर फोन कोणत्या खिशात आहे ते पाहावं. या लहरी अंगातल्या पाण्यात जिरतात. फोन मागच्या खिशात असला तर मध्ये आख्खा माणूस येतो. वरच्या खिशात ठेवला की फरक पडतो.

खर्चाचा हिशेब

किंमत पाहून नाही, महिन्याला किती पडतं ते पाहून घ्यावं. समजा २०० रुपयांचा वायरचा हेडफोन आठ महिने टिकला, तर महिन्याला २५ रुपये पडले. १,००० रुपयांचे बड्स वीस महिने टिकले, तर महिन्याला ५० रुपये. आपला मागचा हेडफोन किती दिवस टिकला ते आठवून हाच हिशेब घरी करून पाहावा.

वायरचा हेडफोन बहुतेक वेळा दोन जागी तुटतो. पिनेजवळ आणि दोन वायरी जिथे फुटतात तिथे. पिनेजवळ तुटला असेल तर डाग देणारा कारागीर थोडक्या पैशात नवी पिन बसवून देतो. बड्सचं तसं नाही. त्यातली लिथियमची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, ती बदलायची सोय तालुक्याला सहसा नसते. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याखाली बड्स ठेवले तर ती आणखी लवकर जाते. फुगलेली बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये, ती पेट घेते.

कान दोन्हीला सारखेच

वायर असो की ब्लूटूथ, कानाला त्रास आवाजानं होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. तोच आवाज ९० डेसिबल केला तर मर्यादा ४ तासांवर येते. १०० डेसिबलला आठवडाभरात जेमतेम २० मिनिटं. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबलला ४० तास. म्हणजे आवाजाची पट्टी थोडी वर सरकवली की वेळ भराभरा कमी होतो. फोनच्या पट्टीच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा साधा नियम त्यासाठीच सांगितला जातो.

माणूस आवाज वाढवतो तो बाहेरच्या गोंगाटामुळे. एसटीत, ट्रॅक्टरवर, इंजिनाशेजारी कानातलं ऐकू येत नाही, म्हणून पट्टी वर जाते आणि उतरल्यावर तशीच राहते. कानात नीट बसणारं रबर निवडलं तर कमी आवाजात भागतं. डब्यात तीन मापांची रबरं मिळतात, ती फेकून देऊ नयेत, लावून पाहावीत.

खोक्यावरच्या दोन शब्दांत इथेच फसगत होते. ‘एएनसी’ लिहिलं असेल तर बाहेरचा आवाज तुमच्या कानाला कमी येतो. ‘ईएनसी’ लिहिलं असेल तर तुमच्या माईकमधला गोंगाट कमी होतो, म्हणजे फायदा समोरच्याला होतो. स्वस्त बड्सवर बहुधा ईएनसी असतं आणि विकताना ‘नॉइज कॅन्सल’ म्हणून सांगितलं जातं.

कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल किंवा घरातले ‘किती मोठ्यानं बोलतोस’ म्हणत असतील तर तपासून घ्यावं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. एकमेकांचे हेडफोन वापरले, ओल्या कानात घातले तर कानाला बुरशी आणि संसर्गही होतो.

ब्लूटूथच्या लहरींनी डोक्याला अपाय होतो का, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. फोन टॉवरशी बोलताना जेवढी ताकद लावतो, त्याच्या मानानं बड्सची ताकद फारच थोडी असते, कारण त्यांना काही हातांवरच्या फोनपर्यंतच पोहोचायचं असतं. फोन तासभर कानाला लावून बोलण्यापेक्षा वायर किंवा बड लावून फोन दूर ठेवणं केव्हाही बरं.

कुठे कानात काहीच नको

बीड ते अहिल्यानगर रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाली. ज्या गावांनी आजवर रूळ पाहिला नव्हता, त्यांच्या शिवारातून आता गाडी जाते. विजेवर चालणारी किंवा उताराला लागलेली गाडी जवळ येईपर्यंत फारसा आवाज करत नाही. रूळ ओलांडताना, रुळाकडेला शेरडं चारताना दोन्ही कान मोकळे हवेत. धुळे-सोलापूर महामार्गावर आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावरही तेच. गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे. बड्स लावले म्हणजे जोखीम संपली असं नाही, हॉर्न ऐकू येत नसेल तर उपयोग काय?

२०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तो काळ लोक विसरलेले नाहीत. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेनं जाताना, अंधारात पाण्याची बारी धरताना कान हेच राखणदार असतात. फारच वाटलं तर एकाच कानात, बारीक आवाजात.

आणि फोन चार्जिंगला लावलेला असताना वायरचा हेडफोन कानात घालून झोपू नये. हलक्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर मुख्य लाईनची वीज त्या वायरीतून अंगात येऊ शकते.

विकत घेताना

आधी फोनला गोल पिनेची जागा आहे का ते पाहावं. नसेल तर सी-टाईप पिनेचा हेडफोन किंवा जोड लागतो. जोड दोन प्रकारचे असतात, चिपवाले आणि बिनचिपचे. सगळे फोन बिनचिपच्या जोडावर चालत नाहीत, म्हणून दुकानातच आपल्या फोनला लावून, गाणं आणि कॉल दोन्ही तपासून घ्यावं.

बिनवायरच्या हेडफोनला आणि चार्जरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मालावर किंवा खोक्यावर ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर माल नकली समजावा. पक्कं बिल घ्यावं, वॉरंटीचं केंद्र बीडला आहे की छत्रपती संभाजीनगरला, ते विचारावं. सेंटरला जायचं भाडंच मालाच्या किमतीएवढं होत असेल तर त्या वॉरंटीचा फारसा उपयोग नाही. दुकानदार किंवा ऑनलाइन कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठीतही तक्रार घेतो.

थोडक्यात, रेडिओ, अभ्यास आणि घरातलं ऐकणं यासाठी वायरचा. हातात काम आणि मधूनमधून बोलणं असेल तर नेकबँड. खिशाला परवडत असेल आणि जपायची सवय असेल तर बड्स. तिन्हींपैकी काहीही घेतलं तरी पट्टी निम्म्याच्या आसपास, आणि रस्त्यावर, रुळावर, रानात कान मोकळे.