चिमणीपासून दुधाच्या पेल्यापर्यंत

बारामती एमआयडीसीतल्या एखाद्या चिमणीचा धूर हिवाळ्यात पहाटे पाहिला, तर तो आडव्या पट्ट्यासारखा लांबवर गेलेला दिसतो. ऊन तापले की तोच धूर वर-खाली हेलकावे घेत पांगतो. म्हणजे धूर किती निघाला, एवढ्यावरून तो कोणाच्या नाकात किती जाईल हे सांगता येत नाही.

आपल्याच राज्यातील तारापूरच्या अणुवीजकेंद्राबाबत हा प्रश्न अधिक काटेकोरपणे सोडवावा लागतो. १९६९ साली सुरू झालेल्या या केंद्रातून हवेत व समुद्रात अल्प प्रमाणात किरणोत्सारी द्रव्ये सोडली जातात. ती बेकेरेलमध्ये मोजता येतात. पण माणसाला त्यांपासून मिळणारी मात्रा इतकी थोडी असते, की ती मुख्यतः गणितानेच काढावी लागते.

पहिली पायरी विरळ होण्याची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की हवेतील प्रमाण साधारण निम्मे होते. चिमणी उंच असेल तर जमिनीलगतचे सर्वाधिक प्रमाण पायथ्याशी नव्हे, तर काही अंतरावर आढळते.

दुसरी पायरी वाटांची. किरणोत्सार श्वासातून येतो, जमिनीवर बसलेल्या कणांपासून येतो आणि अन्नातूनही येतो. समुद्रात विरळ झालेली काही द्रव्ये माशांच्या शरीरात पुन्हा साठतात. १९५७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील विंडस्केल येथे अणुभट्टीला आग लागली. आयोडीन-१३१ गवतावर बसले, गाईंच्या पोटात गेले आणि दुधात उतरले. सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातील दूध ओतून द्यावे लागले. बारामती-इंदापूरच्या दूधवाल्या घरांना गवत ते दूध ही साखळी वेगळी समजावून सांगायला नको.

तिसरी पायरी माणसाची. येथे सरासरी माणूस धरून चालत नाही. रोज मासे खाणारा कोळी किंवा दुधावर वाढणारे, लहानशा थायरॉइड ग्रंथीचे मूल डोळ्यांसमोर ठेवावे लागते. नागरिकांसाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट ही मर्यादा अशांसाठीही पाळली गेली पाहिजे. निसर्गाकडून आपल्याला जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. उत्तर बरोबर आले का, हे दूध, मासे व माती यांचे नमुने तपासून पाहतात.

वर्गात एक गणित घालावे: आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे आहे. दूषित दुधाची भुकटी करून ८० दिवस ठेवली, तर किती आयोडीन उरेल? उत्तर आहे १/१०२४. मग विचारावे, ३० वर्षे अर्धायुष्य असलेल्या सीझियम-१३७ चे काय?