जीपच्या टेपला मोबाईल जोडताना

गेल्या महिन्यात दोन-तीन गटांकडून एकच विचारणा आली. डोंगराच्या पलीकडच्या वाड्यांवर आपला रेडिओ लागत नाही, नुसती खरखर येते. मग बाजाराला जाता-येता वडापच्या जीपमध्ये आपले कार्यक्रम लावता येतील का? येतील. कसे, ते आज सांगतो.

आधी खरखर का येते ते पाहू. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की पलीकडे त्या पोचत नाहीत. त्यात सामुदायिक रेडिओला सरकारी नियमाने ताकद थोडी, १०० वॉटच्या आसपास, आणि मनोऱ्याची उंचीही ३० मीटरपर्यंतच. सपाटीवर पाच ते दहा किलोमीटर ऐकू आला की झालं. तेव्हा वाडीवर तुमचा रेडिओ बिघडलेला नाही, तो दुकानात नेऊन पैसे घालवू नका.

जीपमधला तासभर मात्र मोलाचा आहे. बाईमाणसाला हात मोकळे ठेवून बसायला मिळतं ते तेवढंच. त्या तासात अंगातलं रक्त वाढवायचा आहार, बँकेच्या कागदपत्रांची माहिती, नाहीतर आपल्याच आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या ऐकल्या तर कुणाला नको आहेत? ड्रायव्हरदादाला मात्र आधी विचारायचं. गाडी त्याची, टेप त्याचा. आणि जी काही जोडाजोडी करायची ती गाडी उभी असताना. चालत्या गाडीत दादाला बटणं दाबायला लावायचं नाही.

आता टेपकडे बघा. आपण सगळ्यालाच टेप म्हणतो, पण त्यात कॅसेटचं तोंड आहे, सीडीचं आहे, पेनड्राइव्हचं भोक आहे की मोबाईलसारखा पडदा आहे, यावर पुढचं ठरतं.

पेनड्राइव्हचं भोक असेल तर दुसरं काही शोधू नका. आमच्या मते वाडीच्या गटासाठी यासारखी सोय नाही. कुणाचा फोन अडकत नाही, बॅटरी उतरत नाही, मधे कुणाचा कॉल येत नाही. पेनड्राइव्ह ८ किंवा १६ जीबीचा घ्या. ६४ जीबीचा मोठा पेनड्राइव्ह जुने टेप बऱ्याचदा वाचतच नाहीत, कारण त्याची आतली मांडणी वेगळी असते. संगणकवाल्याला ‘फॅट थर्टीटू करून दे’ एवढं सांगितलं की त्याला कळतं. पण आधीचं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, कारण असं करताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. दहा मिनिटांचं बोलणं साधारण ५ एमबीत बसतं, म्हणजे ८ जीबीत हजाराहून जास्त कार्यक्रम मावतील.

इथे बऱ्याच जणींची फसगत होते. मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग किंवा व्हॉट्सॲपवर आलेला आवाजाचा निरोप तसाच पेनड्राइव्हवर टाकला, तर टेप तो वाजवत नाही. फोन वेगळ्या प्रकारात साठवतो आणि टेपला एमपीथ्री लागतं. रेकॉर्डिंग खराब झालं असं समजून ते पुसून टाकू नका. म्हाताऱ्या माणसाचा आवाज एकदा गेला की परत कुठून आणणार? ते एमपीथ्रीमध्ये बदलून घेता येतं, आमच्याकडे या, पाच मिनिटांचं काम आहे. नावं इंग्रजी अक्षरांत द्या आणि पुढे ०१, ०२ असे आकडे इंग्रजीतच घाला. जुन्या टेपच्या पडद्यावर मराठी नावाच्या जागी चौकोन दिसतात, मग कुठला कार्यक्रम कुठे ते कळत नाही.

पेनड्राइव्हचं भोक नसेल तर ‘ऑक्स’ असं लिहिलेलं बारीक गोल भोक बघा. त्यात हेडफोनचीच पिन बसते, साडेतीन मिलिमीटरची. दोन्हीकडे तशी पिन असलेली वायर मोबाईलच्या दुकानात मिळते, शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. एक टोक फोनला, एक टेपला, आणि टेपवर ‘ऑक्स’ येईपर्यंत बटण दाबत जायचं. साध्या बटणाच्या फोनला बहुतेक वेळा हे भोक असतंच. उलट नव्या महागड्या फोनला ते नसतं, त्याला मधे एक जोडतुकडा लागतो. तो घेताना फोन सोबत न्या आणि दुकानातच वाजवून बघा, कारण एका फोनचा तुकडा दुसऱ्याला चालेलच असं नाही.

वायरची एक गंमत सांगतो. कधी गाण्यात ढोलकी, पेटी ऐकू येते पण गाणारी लांब विहिरीत गेल्यासारखी वाटते, आणि बोलण्याचा कार्यक्रम लावला तर आवाजच गायब. फोन बिघडलाय असं वाटतं. होतं असं, की पिन पूर्ण आत गेलेली नसते. मग डाव्या-उजव्या बाजूचा फरक तेवढा ऐकू येतो आणि दोन्ही बाजूंना सारखा असलेला माणसाचा आवाज एकमेकाला खोडून काढतो. फोनचं जाड कव्हर काढा आणि पिन खट् आवाज होईपर्यंत दाबा. याउलट गाडीचा वेग वाढला की घुंई असा आवाज चढत असेल, तर तो गाडीच्या चार्जरमुळे येतो. फोन चार्जिंगला आणि टेपला एकाच वेळी लावला की असं होतं. चार्जर काढा, आवाज जातो.

ज्या जीपमध्ये अजून कॅसेटचा टेप आहे, तिथे कॅसेटसारखीच दिसणारी, शेपटीला वायर असलेली एक वस्तू चालते. तिच्यात फीत नसते. टेप फितीवरचं चुंबकत्व वाचतो, आणि ही वस्तू फोनमधल्या आवाजाचं तसंच चुंबकत्व तयार करून त्याच्या तोंडापुढे धरते. आता ती सगळीकडे मिळत नाही. कुणाच्या पेटीत पडली असेल तर फेकू नका.

काही दादांनी चार्जरच्या भोकात बसणारी छोटी एफएमची डबी घेतलेली असते. फोनमधला आवाज ती एका नंबरावर सोडते आणि टेपचा रेडिओ त्याच नंबरावर लावायचा. डबीचं काम म्हणजे एक अगदी चिमुकलं रेडिओ केंद्रच. म्हणून आमची एक विनंती आहे. ही डबी आपल्या ९०.४ वर लावू नका. एफएमचा स्वभाव असा, की एकाच नंबरावर दोन आवाज आले तर तो मिसळून देत नाही, जवळचा जोराचा तेवढा देतो आणि दुसऱ्याला पार गिळतो. बाजाराच्या थांब्यावर अशी एक जीप उभी राहिली तर शेजारच्या गाडीतली बाई ऐकत असलेली आपली बातमी मधेच जाईल, आणि का गेली हे तिला कळणारही नाही. रेडिओचा काटा फिरवत जा, जिथे फक्त शांत फुसफुस आहे तो नंबर निवडा. ही डबी जीपला, छोट्या टेम्पोला सहसा चालते. मोठ्या ट्रकची वीज दुप्पट, २४ व्होल्टची असते, तिथे लावण्याआधी डबीवर काय छापलंय ते वाचून घ्या.

आता ब्लूटूथ. हे आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलंय. जोडायला सगळ्यात सोपं तेच. फोनवर ब्लूटूथ चालू करायचं, यादीत टेपचं नाव आलं की दाबायचं, आकडे विचारले तर बहुतेक टेपना ०००० किंवा १२३४ चालतात. पण एकदा फोन जोडला की नुसतं गाणं जीपमध्ये जात नाही. तुम्हाला फोन आला तर तोही सगळ्या गाडीला ऐकू जातो. दवाखान्यातून तपासणीचा निकाल सांगायला ताईंचा फोन आला, माहेरून कुणी रडत बोललं, बँकेतून हप्त्याची विचारणा झाली, की बारा-पंधरा माणसांत ते सगळं मोठ्यानं वाजतं. अशा एका गोष्टीवरून गावात महिनोन् महिने बोललं जातं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

दुसरं, जोडताना फोन विचारतो की तुमचे नंबर आणि कॉलची यादी गाडीला देऊ का. तिथे ‘नाही’ म्हणा. घाईत ‘हो’ दाबलं गेलं तर पडदेवाल्या टेपमध्ये तुमच्या ओळखीच्यांची नावं-नंबर उतरू शकतात. आवाजासाठी त्याची काही गरज नसते. आणि टेप तुमचा फोन लक्षात ठेवतो. पुढच्या आठवड्यात ब्लूटूथ चालू ठेवून त्याच जीपमध्ये बसलात तर तो आपोआप जोडला जाऊ शकतो. म्हणून उतरण्याआधी फोनच्या ब्लूटूथच्या यादीत जायचं, टेपच्या नावापुढे दाबून ‘फर्गेट’ किंवा ‘विसरा’ करायचं. गटाकडे सिम नसलेला जुना फोन असेल तर ब्लूटूथसाठी तोच वापरा, यातलं बरंचसं आपोआप टळतं.

आवाजाचं थोडक्यात. वायर किंवा ब्लूटूथ असेल तर फोनचा आवाज पाऊण भाग चढवा, मग टेपचा हळूहळू वाढवा. बोलण्याच्या कार्यक्रमाला धमधम करणारा बास कमी करायला सांगा, नाहीतर शब्द कळत नाहीत. बायका मागे बसतात, तेव्हा मागचे स्पीकर चालू आहेत का तेही बघा. पिन काढण्याआधी टेपचा आवाज कमी करा, नाहीतर रेडिओ चालू होताच कानठळ्या बसतात. मांडीवरचं लेकरू दचकून रडायला लागलं, की पुढच्या खेपेला दादा पेनड्राइव्ह लावू देणार नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी दोन ते पाच आम्ही केंद्रावर असतो. रिकामा पेनड्राइव्ह घेऊन या, गेल्या महिन्याचे कार्यक्रम भरून देऊ. तुमच्या वाडीवरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग असतील तर तीही सोबत आणा.