परीकथेतील काळोख

परिचित परीकथा भीषण व कटू रूपात पुन्हा सांगण्याची प्रथा अलीकडे बरीच रूढ झाली आहे. तिच्याविषयी शिक्षकवर्गात दोन आक्षेप ऐकू येतात. निरागस कथा त्यामुळे नासतात, हा पहिला. आणि ही केवळ पाश्चात्त्यांची टूम आहे, हा दुसरा. दोन्ही आक्षेप तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिल्या आक्षेपाला इतिहासाचा आधार नाही. शार्ल पेरो याने १६९७ साली छापलेल्या कथेत लाल टोपीवाल्या मुलीला लांडगा गिळतो आणि तेथेच कथा संपते. तिची सुटका करणारा शिकारी ग्रिमबंधूंच्या संग्रहात येतो. त्याच बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठणारी स्त्री तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये तिची सावत्र आई झाली. म्हणजे काळोख आधीचा, सौम्यपणा नंतरचा.

दुसरा आक्षेपही टिकत नाही. आपली चिमणी-कावळ्याचीच कथा घ्या. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो, आणि चिमणी बाळाच्या न्हाऊमाखूची सबब सांगत राहते. अनेक घरांत ही कथा येथे थांबत नाही; आत घेतलेला कावळा तापलेल्या तव्यावर भाजून निघतो. छापील पुस्तकांत हा भाग बहुधा गाळलेला असतो.

आमचे मलाजखंड ज्या बैहर भागात वसले आहे, तो बैगा व गोंड लोकांचा मुलूख. व्हेरियर एल्विन यांनी महाकोशलातील लोककथांचा संग्रह १९४४ साली प्रसिद्ध केला. मध्य व पूर्व भारतातील आदिवासी कथांत, भावांनी मारलेल्या बहिणीच्या देहातून बांबू उगवतो आणि त्याचे वाद्य तिच्या खुनाची कहाणी गाते. ग्रिमबंधूंच्या संग्रहातही खून झालेल्याच्या हाडाची पुंगी असेच सत्य उघड करते. दूरदूरच्या दोन समाजांना एकाच अन्यायाला वाचा फोडावीशी वाटली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

मग नव्या पुनर्कथनाचे वेगळेपण कशात? रक्तपातात नव्हे; तो मुळातच आहे. पेरोच्या 'निळ्या दाढी'त नायिकेला तिचे भाऊ वाचवतात. अँजेला कार्टर यांच्या १९७९ च्या कथेत तिची आई घोडा फेकीत येते. एवढ्या एका फेरफाराने कथेचा अर्थ पालटतो. जी. ए. कुलकर्णी यांनी 'पिंगळावेळ' (१९७७) मधील 'ऑर्फियस' या कथेत ग्रीक पुराणकथेला असाच नवा अर्थ दिला. जुन्या कथेत जो प्रश्न अनुत्तरित राहिला, त्यालाच भिडते ते पुनर्कथन सकस होय. केवळ अंगावर शहारे आणते ते हिणकस.

ही कसोटी वर्गातही लावता येईल. लहानग्यांना तव्याचा प्रसंग सांगावा की नाही, हे सांगणाऱ्याने मुलाचा चेहरा पाहून ठरवावे. आजीही तेच करीत असे. परंतु आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना, ती रात्र कावळ्याच्या तोंडून लिहा, असे अवश्य सांगावे. दाराबाहेर भिजणाऱ्याची बाजू त्यांना प्रथमच दिसेल. आणि त्यांपैकी एखादा चिमणीचीही बाजू घेईल: घरात पिल्ले असता परक्याला दार उघडावे काय? ज्या कथेवर मुले असे भांडतात, तिचा काळोख त्यांना बाधत नाही. तो प्रश्नच त्यांच्यापासून दडविला, तर मात्र आपण त्यांचे नुकसान करतो.